सायकलची सीट मापाची नसेल तर खेळाडू मुलींना काय सोसावं लागतं? यावर अमरावती-अकोल्यात काय करता येईल?

जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' झाली आणि महाराष्ट्राच्या मोबाईलवर अचानक सायकल शर्यतीचे रील्स सुरू झाले. परदेशी संघ, घाटातले अटॅक, लाखोंच्या सायकली. मात्र ही शर्यत पुरुषांची होती. मुलींची कधी, हा प्रश्न कमेंटमध्ये आलाच.

पण शर्यतीत उतरण्याआधीच मुलींसमोर आणखी एक अडचण असते. तिच्याबद्दल घरी सांगता येत नाही आणि सरांनाही सांगता येत नाही. ती म्हणजे सायकलची सीट.

नेमका त्रास काय होतो?

बाजारात जाताना आपण सायकलवर सरळ बसतो. तेव्हा वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. शर्यतीत खेळाडू पुढे वाकलेली असते. कंबरेचं हाड पुढे कलतं आणि वजन सीटच्या निमुळत्या टोकाकडे, म्हणजे थेट नाजूक जागेवर सरकतं. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कातडी सोलवटते, गळू होतात.

हे लाड नाहीत. २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी सहा स्पर्धक महिला सायकलपटूंची नोंद छापली. वर्षानुवर्षांच्या सरावानंतर त्यांच्या योनीच्या बाहेरच्या भागाला एका बाजूला सूज राहिली होती. २००६ मध्ये अमेरिकेत महिला सायकलपटू आणि धावपटूंची तुलना झाली. सायकलपटूंमध्ये त्या भागाची संवेदना कमी आढळली. पुढे २०१२ च्या अभ्यासात दिसलं की हँडल सीटपेक्षा खाली असेल तर दाब आणखी वाढतो. शर्यतीच्या सायकलचं हँडल तर खालीच असतं.

ब्रिटनची पॅरा सायकलपटू हॅना डाइन्स हिला या सुजेवर शस्त्रक्रिया करावी लागली. २०१९ मध्ये तिने स्वतःच्या नावाने हे लिहिलं, तेव्हा कुठे जगभर मोकळी चर्चा सुरू झाली.

मग 'लेडीज सीट' घेतली की झालं?

नाही. रुंद, मऊ, जेलची सीट दुकानात हातानं दाबून छान वाटते. पण तासाभराने हाडं जेलमध्ये रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. रुंद सीट मांड्यांना घासते ते वेगळंच.

बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं, हे खरं. पण एकाच वर्गातल्या दोन मुलींचं माप सारखं नसतं. म्हणून बाई आहे की पुरुष, एवढं पाहून सीट ठरत नाही. तिचं माप घ्यावं लागतं.

मापाच्या सीटचा धंदा याच गरजेतून उभा राहिला. चेक प्रजासत्ताकातली 'पोसेडला' कंपनी ग्राहकाला फोमची पेटी पाठवते. त्यावर बसून उमटलेला ठसा परत पाठवायचा, मग त्यानुसार थ्रीडी प्रिंटरवर सीट तयार होते. इटलीची 'फिझिक' कंपनी दाब मोजून तशीच सीट बनवते.

फरक पडतो का?

ब्रिटनचं उदाहरण बघा. रिओ ऑलिम्पिकआधी तिथल्या महिला संघात सीटच्या जखमांमुळे सराव बुडत होता. फिजिओ फिल बर्ट यांनी घर्षणाचे तज्ज्ञ, शल्यचिकित्सक, स्त्रियांच्या आरोग्याचे डॉक्टर असे सगळे एकत्र बसवले. खेळाडूंना थेट प्रश्न विचारले. सीटचा कल बदलला, त्या भागातले केस काढू नका असा सल्ला दिला. स्पर्धेआधीच्या शेवटच्या सहा महिन्यांत सीटच्या जखमेची एकही तक्रार आली नाही. २०१६ मध्ये त्यांच्या महिला संघाने टीम परस्यूटचं सुवर्ण जिंकलं.

सीट जवळपास सपाटच हवी, असा यूसीआयचा नियम होता. तोही पुढे सैल झाला आणि आता ९ अंशांपर्यंत कल चालतो.

याचा वऱ्हाडाशी काय संबंध?

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला टीम स्प्रिंटमध्ये तिघी होत्या. त्यातल्या मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे या दोघी विदर्भाच्या, भंडारा जिल्ह्यातल्या. म्हणजे विदर्भातल्या मुली इथपर्यंत पोचतात, हे सिद्ध झालेलं आहे.

वऱ्हाडाकडेही काय कमी आहे? अमरावतीत १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे. चढाच्या सरावाला परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं.

रस्ता झाला, सीटचं काय? गावातल्या मुलीची पहिली सायकल बहुतेकदा शाळेत जायची असते. मानव विकास कार्यक्रमातून त्यासाठी ५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. मापाच्या एका परदेशी सीटची किंमत याच्या कित्येक पट. त्यात अकोल्याचं ऊन. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर तिथे कलम १४४ लावावं लागलं होतं. घाम, घर्षण आणि चुकीची सीट एकत्र आली की जखम चिघळते.

मग परवडणारा उपाय काय?

सीट महाग आहे, माप मात्र फुकट आहे. कडक बाकावर खोक्याचा पुठ्ठा ठेवायचा. त्यावर बसून, पाय थोडे उंच घेऊन पुढे वाकायचं. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. सीटची रुंदी त्याहून साधारण २ ते ३ सेंटीमीटर जास्त हवी. मध्ये खाच असलेली सीट बघायची. टोक किंचित खाली करायचं. उंची तपासायची, कारण सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि कातडी सोलते.

पॅडची सायकलिंग शॉर्ट आत काही न घालता वापरायची असते, कारण आतल्या कपड्याची शिवणच टोचते. सराव संपला की ती लगेच बदलायची. बधिरपणा किंवा सूज राहिली तर डॉक्टरांकडे जायचं, क्रीम लावून दामटायचं नाही.

अकोला-अमरावतीच्या क्रीडा संस्थांना आणि क्लबना यात दोन गोष्टी आजही जमतील. वेगवेगळ्या रुंदीच्या चार-पाच सीट आणून ठेवायच्या आणि मुलींना आळीपाळीने वापरून बघू द्यायच्या. आणि या विषयावर बोलायला एक महिला प्रशिक्षक किंवा फिजिओ नेमायची.

मुलगी सरावाला येईनाशी झाली की 'हिचं मन लागत नाही' असं पटकन म्हटलं जातं. त्याआधी एकदा कुणीतरी तिला विचारायला हवं, सीट टोचते का?