दहांतला एक

सरकारी कचेरीत वा शाळेत नोकरी केलेल्या माणसाला गोपनीय अहवालाची महती सांगावयास नको. वर्षाकाठी साहेबाने आपल्याविषयी काय लिहिले, हे कित्येकांना सेवानिवृत्त होईपर्यंत कळले नाही. प्रतिकूल शेरा तेवढा कळवला जाई. बाकीचे सारे बंद पाकिटात राही. ही स्थिती २००८ साली पालटली. सीमा रस्ते सेवेतील एका अभियंत्याची बढती केवळ ‘चांगला’ या शेऱ्यापायी हुकली होती, कारण बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता. शेरा वाईट नाही, म्हणून तो त्यांना कळवलाही गेला नव्हता. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळवला पाहिजे आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची संधी त्यास दिली पाहिजे.

सामान्य कारकुनाच्या पदरात पडलेला हा न्याय हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या त्याच्या मुलाच्या वाट्यास आला आहे काय? त्याचा पगार बापाच्या पगाराच्या कितीतरी पट आहे. परंतु सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणारी मुले घरी मोकळेपणाने बोलू लागली की, तक्रार पगाराची क्वचितच असते. ती असते वार्षिक मूल्यमापनाची.

या मूल्यमापनाची रीत समजून घ्यावयास हवी. दहा जणांचा एक गट धरा. वरून आधीच ठरून आलेले असते की, यातील दोघे उत्कृष्ट, सात मध्यम आणि एक निकृष्ट. दहाही जणांनी वेळेवर, निर्दोष काम केले तरी एकाला निकृष्ट ठरवावेच लागते. कोणास, हे वरिष्ठांच्या बैठकीत ठरते. त्या बैठकीत संबंधित कर्मचारी नसतो आणि पुष्कळदा त्याचे काम प्रत्यक्ष पाहिलेला माणूसही नसतो. पुढे त्याला ‘सुधारणा योजनेत’ घातले जाते आणि एके दिवशी बंद खोलीत बोलावून त्याच्यापुढे राजीनाम्याचा कागद ठेवला जातो.

शिक्षकांना यातील विसंगती चटकन उमगेल. वर्गातील सगळी मुले उत्तीर्ण झाली असता, कोष्टक भरण्यासाठी एकाला नापास करा, असे कोणी मुख्याध्यापक म्हणेल काय? घंटेच्या आकाराची ती वक्ररेषा संख्याशास्त्रात खरी आहे. पण ती मोठ्या, न निवडलेल्या समूहांविषयी बोलते. परीक्षा व मुलाखतींच्या चाळणीतून निवडून आणलेल्या दहा जणांना ती लावणे म्हणजे शास्त्राच्या नावाने केलेली मनमानी होय.

या पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा प्रमुख जॅक वेल्श. १९८१ ते २००१ या काळात तो त्या पदावर होता. वीस टक्क्यांना गौरवावे, सत्तर टक्क्यांना सांभाळावे आणि तळच्या दहा टक्क्यांना निरोप द्यावा, हे त्याचे सूत्र. मायक्रोसॉफ्टनेही अशीच प्रतवारी चालवली. २०१२ साली ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात त्या कंपनीविषयी एक विस्तृत लेख आला. लेखकाने ज्या ज्या आजी-माजी कर्मचाऱ्यांची मुलाखत घेतली, त्या प्रत्येकाने या प्रतवारीलाच सर्वांत विघातक म्हटले होते. सहकारी पुढे गेला तर आपण मागे पडतो, हे कळल्यावर त्याला मदत कोण करणार? अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही प्रतवारी मोडीत काढली. सॉफ्टवेअर हे मुळातच सामुदायिक काम. एकाने लिहिलेल्या आज्ञावलीतील चूक दुसऱ्याने दाखवावी, यावरच तिची गुणवत्ता उभी असते. तेथेच परस्परांवरील विश्वास उडाला तर नुकसान मालकाचेही होते.

व्यवस्थापनाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रमाणाचे बंधन नसेल तर वरिष्ठ मंडळी भिडेपोटी सर्वांनाच ‘उत्कृष्ट’ ठरवतात, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. सरकारी अहवालांत तो अनुभव पुष्कळांना आला आहे. कामचुकार आणि कष्टाळू यांना एकाच मापाने मोजावे, असे येथे कोणी म्हणत नाही. तथापि भिडस्त वरिष्ठाला शिस्त लावण्याचा भार निर्दोष कनिष्ठाने का वाहावा? शेऱ्यामागील कारणे लिहून द्यावयास लावली की, भीड आणि आकस दोन्ही आपोआप उघडे पडतात.

म्हणून मागणी साधी आहे. निकृष्टांची संख्या आधी ठरवू नये. प्रत्येक शेरा कारणांसह लेखी द्यावा. त्यावर उत्तर देण्यास मुदत असावी आणि अपील त्याच वरिष्ठापुढे नव्हे, तर दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे चालावे. राजीनामा मागण्यापूर्वी या पायऱ्या पूर्ण व्हाव्यात. यासाठी कंपन्यांना फारसा खर्च येणार नाही. कायद्याच्या ‘कामगार’ या व्याख्येत हा तरुण बसतो की नाही, हा वाद न्यायालयांत चालू राहील. पण न्याय्य वागणुकीसाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. बापाला जे लेखी कळते, ते मुलालाही कळावे, इतकीच अपेक्षा आहे.