एक ऊन, दोन दुखणी

ऐन दिवाळीच्या अंकात उन्हाचे पुराण कशाला, असे वाचक म्हणतील. पण आश्विनातले ऊनही काही कमी चटका देत नाही. आणि गेल्या मे महिन्यात घडलेली गोष्ट सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही डोणगावला आत्याकडे जातो. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. यंदा आमच्या चिरंजीवांनी, वय वर्षे दहा, लोणारचे सरोवर पाहण्याचा हट्ट धरला. उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर मुलाला दाखवावे असे मलाही वाटत होतेच. निघताना आत्याने दारात अडवले.

"लेकराले टोपी घाल. पुऱ्या बाह्यांचा सदरा घाल."

चिरंजीव बिनबाह्यांच्या बनियनवर अडून बसले. मी म्हणालो, "राहू दे गं आत्या, तेवढेच 'ड' जीवनसत्त्व मिळेल!" मग बारा ते तीन आम्ही विवराच्या काठाने हिंडलो.

परतलो तेव्हा पाठीवर विशेष काही दिसत नव्हते. दिवेलागणीला मात्र मान आणि खांदे कुंकू फासल्यासारखे लाल झाले. पोरगा डोके धरून पडून राहिला. जेवण नको म्हणाला, एक उलटीही झाली. मी निदान केले, "ऊन लागलंय. झोपला की उतरेल."

मग घरात उपचारांची सभा भरली. सौ. फ्रिजमधला बर्फ घेऊन आली. वहिनींनी तुपाची वाटी आणली. कोणी लिंबू सुचवले, कोणी दात घासायची पेस्ट. प्रत्येकाचा उपाय अनुभवसिद्ध होता आणि पाठ मात्र एकच होती! तेवढ्यात शेजारच्या आशा कार्यकर्ती बाई आल्या. मी पाठ दाखवू लागलो, तर त्या म्हणाल्या, "सर, पाठ मंग पाहू. पयले लेकराले पाहू द्या."

त्यांनी त्याची जीभ पाहिली, ताप पाहिला. लघवी कवा झाली म्हणून विचारले. ती सकाळपासून झालीच नव्हती. मग त्याला सातचा पाढा म्हणायला लावला. तो सत्तरापर्यंत नीट पोचला तेव्हा बाईंचा चेहरा सैल झाला, आणि माझा प्रथमच घाबरा झाला. पाढा कशासाठी, हे तेव्हा मला कळले.

"ध्यान शाबूत आहे, ताप शंभराच्या थोडाच वर आहे. पण अंगातलं पाणी आटलं आहे. बरळू लागला, झटका आला, ताप 104 वर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा, अन् गाडी येईस्तोवर अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्धीत नसला तर तोंडात काही घालू नका."

एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात जलसंजीवनीची एक पुडी कालवून त्यांनी चमच्याचमच्याने ती पाजली. दहाच्या सुमारास त्याला लघवी झाली. त्या शुभवार्तेने घरात एवढा आनंद झाला की काय सांगू!

पाठीचे काम त्यामानाने सोपे होते. साध्या गार पाण्यात भिजवलेले मऊ फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवायचे, तासाभराने पुन्हा. बर्फ नको, भाजलेल्या कातडीला तो आणखी इजा करतो. तूप-तेल नको, त्याने उष्णता आत कोंडते. लिंबू तर मुळीच नको. लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात गेली की फोड उठतात. कोरफडीचा पिवळा चीक धुऊन आतला गर लावावा, किंवा कॅलामाइन. फोड आले तर फोडू नयेत. दुखले तर मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. आणि तान्ह्या मुलाची कातडी उन्हाने भाजली तर घरगुती उपाय न करता सरळ डॉक्टर गाठावा.

त्या रात्री मला झोप आली नाही. बावीस वर्षे मराठी शिकवणारा मी एका शब्दाने फसलो होतो. 'ऊन लागणे' या दोन शब्दांत आपण दोन दुखणी एकत्र बांधतो. कातडी भाजते ती अतिनील किरणांनी. 1801 साली रिटर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला जांभळ्या रंगापलीकडे सापडलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, की त्यांची ऊबही जाणवत नाही. म्हणून तर हिमालयातल्या बर्फावरही माणूस भाजतो, आणि लाली काही तासांनी उमटते. उष्माघात हा निराळा, तो साऱ्या शरीराच्या तापण्याचा. तिथे पॅरासिटामॉलही चालत नाही. पहिले दुखणे दिसते पण बहुधा घरी बरे होते. दुसरे पाठीवर दिसत नाही आणि जिवावर बेतते. आम्ही सारे लाल पाठीभोवती जमलो होतो, आणि पोराला पाणी पाजायचे कोणालाच सुचले नव्हते.

सकाळी डॉक्टरांना दाखवून आणले. चार दिवसांनी पाठीची साले निघू लागली तेव्हा चिरंजीव "मी कात टाकली" म्हणून गावभर सांगत सुटले. निघायच्या दिवशी आत्याने त्याच्या डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला, हातात कैरीच्या पन्ह्याची बाटली दिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "याच्यात 'ड' जीवनसत्त्व नाही बापा, पण पाजजो."

नरकचतुर्दशीला चिरंजीवांच्या त्याच पाठीला मी तेल चोळणार आहे. तेलाची खरी वेळ तीच!