रोमचा ताप, आपला ताप

भाताला लोंब्या येऊ लागल्या की मोहर्लीच्या परिसरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक म्हणजे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतावरची जागल, आणि दुसरी म्हणजे थंडी वाजून येणारा ताप. हा ताप अतिशय जुना आहे. आपल्या भद्रावतीची विजासन लेणी सातवाहनकाळातील मानली जातात. त्याच काळात ऐश्वर्याच्या शिखरावर असलेले रोम शहर दरवर्षी उन्हाळा सरता सरता याच हिवतापाने फणफणत असे.

रोमन नागरिकाच्या दिनक्रमातील काही सोयींचा आजही हेवा वाटावा. ११ जलवाहिन्यांतून शहरात पाणी येई. सार्वजनिक स्नानगृहे होती, भुयारी गटारे होती. दलदलीत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि नाकातोंडावाटे शरीरात शिरून रोग निर्माण करतात, असा तर्क व्हॅरो या विद्वानाने इ. स. पूर्व पहिल्या शतकात मांडला होता. मच्छरदाणीही त्यांना ठाऊक होती. परंतु डास आणि ताप यांचा संबंध मात्र त्यांना उमगला नाही. म्हणून त्यांनी ‘फेब्रिस’ या तापदेवतेची देवळे बांधली, गळ्यात ताईत बांधले. इटलीतील लुन्यानो येथील पाचव्या शतकातल्या बालकांच्या दफनभूमीत एका लहानग्याच्या हाडांत फॅल्सिपेरम हिवतापाच्या जंतूंचा अंश सापडला आहे. त्या आईबापांच्या हाती प्रार्थनेवाचून दुसरे काहीच नव्हते.

आपली स्थिती तशी नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले आणि कोडे सुटू लागले. आज आशाताईंजवळच्या पट्टीवर बोटातील रक्ताचा थेंब टाकला की सुमारे २० मिनिटांत निदान होते. शासकीय आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते. असे असूनही आपल्याकडे पहिले दोन-तीन दिवस अंगारा, ताईत किंवा दुकानातून आणलेली तापाची गोळी यांतच जातात. गोळीने ताप तात्पुरता उतरतो. जंतू मात्र वाढतच राहतात. फॅल्सिपेरम मेंदूपर्यंत पोहोचला तर लहान मूल एक-दोन दिवसांतच दगावू शकते. देवाला नारळ अवश्य फोडावा. पण आधी रक्त तपासावे.

ताप आला त्याच दिवशी तपासणी करा. बरे वाटू लागले तरी औषध अर्धवट सोडू नका. व्हायव्हॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात, म्हणून त्यावरील एक औषध १४ दिवस घ्यावे लागते. गरोदर आणि स्तनदा मातांनी आपली अवस्था डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण हे औषध गरोदरपणात देत नाहीत. झटके, ग्लानी, सतत उलट्या, धाप किंवा गडद रंगाची लघवी दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

हिवतापाचा डास मुख्यतः सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. घरात मच्छरदाणी लावणारा शेतकरी मचाणावर मात्र उघडाच झोपतो. ज्या इटलीत हा ताप शतकानुशतके ठाण मांडून होता, तो देश १९७० मध्ये हिवतापमुक्त घोषित झाला. आपल्यालाही ते अशक्य नाही. तूर्त एवढे करा: जागलीला निघताना काठी आणि बॅटरी घेता, तशीच औषधभारित मच्छरदाणीही घ्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून मगच पाठ टेका.