चिंगीचं पथ्य

आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरून चालत निघालं की भूक नसलेला माणूसही काहीतरी खाऊनच घरी येतो. अशा गावात माणसांना पथ्य पाळवत नाही, तिथे पावणेतीन किलोच्या यॉर्कशायर टेरियरची काय कथा! आमच्या चिंगीचं यकृत अधू आहे. ‘तिला नक्की खायला काय देता?’ असं मंडळाच्या कार्यक्रमांत इतक्या जणांनी विचारलं, की या वेळचं सदर तिच्याच नावावर.

आतड्यांतून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं, तिथे शुद्ध होतं आणि मग अंगभर फिरतं. यॉर्की, माल्टीज अशा छोट्या जातींत कधीकधी जन्मतःच एक आडवाटेची रक्तवाहिनी असते आणि रक्त यकृताला वळसा घालून जातं. याला ‘शंट’ म्हणतात. मग प्रथिनांपासून आतड्यात तयार होणारा अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोचतो. खाल्ल्यानंतर कुत्रं झिंगल्यासारखं चालायला लागलं, गोल फिरायला लागलं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहिलं, तर तो खट्याळपणा समजू नका. उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा, अशी रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी करतात. आडवाट एकच असेल तर शस्त्रक्रियेने ती हळूहळू बंद करता येते, आणि जमत असेल तर तोच उत्तम मार्ग. चिंगीच्या स्कॅनमध्ये अनेक बारीक वाटा निघाल्या. त्या बांधता येत नाहीत. म्हणजे तिचा इलाज तिच्या वाटीतच.

पूर्वी अशा कुत्र्यांची प्रथिनं सरसकट तोडत. आता तसं करत नाहीत, कारण उपासमारीने स्नायू झडतात आणि अमोनिया निपटायला स्नायूही मदत करतात. प्रथिनं पुरेशी हवीत, पण ती कुठली हे महत्त्वाचं. मटणापेक्षा अंडं, दुधातली आणि डाळींतली प्रथिनं अशा कुत्र्यांना जास्त मानवतात. हे ऐकल्यावर आई म्हणाली, ‘‘अगं, मग ही तर आपल्याच घरातली!’’ सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या आईचा या घरात कुत्रं असण्यालाच आधी विरोध होता, हे इथे नमूद करते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं यकृतासाठीचं खास अन्न हा चिंगीच्या खाण्याचा मुख्य भाग. त्यावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा घरी केलेलं पनीर, आणि मऊ भात. मीठ नाही, फोडणी नाही. नुसत्या वरणभातावर कुत्रं पोसू नये. कॅल्शियम, जस्त वगैरे कमी पडतं. सगळंच घरी करायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून मापं लिहून घ्यावीत. दिवसाला साधारण दोनशे कॅलरी, चार वेळांत विभागून. शेवटचं खाणं रात्री अकराला, म्हणजे पहाटेपर्यंत पोट रिकामं राहत नाही.

शिवाय लॅक्टुलोजचं गोड चाटण. आईने बाटली वाचली आणि हसली. बद्धकोष्ठाचं हे औषध तिच्या ओळखीचं. ते आतड्यात आम्लता वाढवतं, अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. दिवसाला दोन-तीनदा मऊ शी झाली पाहिजे. जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करायची. आमच्या घरी रोज सकाळी याची चर्चा चहासोबत होते. पाहुण्यांनी सवय करून घ्यावी.

जुलैत जेवायला आलेल्या एकांनी टेबलाखालून मटणाचे दोन तुकडे दिले. प्रेमानेच. रात्री चिंगी कोपऱ्यात डोकं खुपसून उभी होती, हाक मारली तरी ओळख नाही. दोन दिवस दवाखान्यात. तेव्हापासून पहारा आईकडे. आयुष्यभर ‘अजून थोडं घ्या’ म्हणत आलेली ही बाई आता दारातच सांगते, ‘‘काकू, तुम्ही पोटभर खा, तिला काही देऊ नका.’’

दिवाळीत ते जास्तच लागणार. लाडवातले, शिऱ्यातले बेदाणे कुठल्याही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. कांदा-लसूण रक्ताला वाईट. मुलांच्या हॅलोविनच्या पिशवीतलं चॉकलेट अजून संपलेलं नसतं. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल असलं तर निरोगी कुत्र्याचंही यकृत निकामी होऊ शकतं. आणि भारतातून आलेल्या बॅगेतली क्रोसिन, म्हणजेच इथलं टायलेनॉल, कधीही देऊ नये. फटाक्यांच्या भीतीवर झोपेची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशी बरीच औषधं यकृतच निपटतं. काही खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना किंवा ‘एएसपीसीए’च्या प्राणी विषबाधा केंद्राला फोन करावा. ते चोवीस तास चालू असतं. पैसे पडतात, पण ते द्यावेत.

हे सगळं आईने मराठीत लिहून फ्रीजवर लावलं आहे. आमच्या मुलाला ते वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. नोव्हेंबरअखेर ती परत जाईल. आम्ही दोघंही मेट्रोपार्कहून गाडी पकडून न्यूयॉर्कला जातो, त्यामुळे दुपारचं खाणं कोण देणार हा प्रश्न आहे. समोरच्या काकूंना विचारलंय. त्या हो म्हणाल्या आहेत, पण आईने अजून त्यांची परीक्षा घेतलेली नाही.