उपग्रहाला दिसलेले पाणी आणि कायद्याला न दिसलेला धूर

२००२ साली अवकाशात गेलेले ‘ग्रेस’ मोहिमेचे दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून पृथ्वीभोवती फिरत होते. खालच्या प्रदेशातील वस्तुमान बदलले की गुरुत्वाकर्षण बदलते आणि या दोघांमधील अंतरात मायक्रॉनच्या पातळीवर फरक पडतो. एवढ्याशा फरकावरून राजस्थान, पंजाब आणि हरियाणाच्या भूगर्भातून २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर पाणी घटल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पर्यावरण संशोधनाकडे ओढून नेण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

मात्र त्याने पुढची हकीकतही वाचावी. त्याच वर्षी पंजाबने भूजल संरक्षणाचा कायदा केला आणि १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. मे महिन्याच्या रखरखीत उन्हात खाचरांत साठवलेले पाणी वाफ होऊन जाते, आणि ते बहुतांशी कूपनलिकांनी उपसलेले असते. तेव्हा कायद्यामागचा विचार योग्यच होता. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली. गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळे करण्यास थोडेच दिवस उरले, आणि पेंढा जाळण्याचा काळ नोव्हेंबरकडे सरकला. त्या सुमारास वारा मंदावतो, थंड हवा जमिनीलगत कोंडते आणि धूर वर जात नाही. दिल्लीच्या धुरक्यात या बदललेल्या वेळापत्रकाचाही वाटा असल्याचे पुढील संशोधनातून समोर आले. खापर मात्र शेतकऱ्याच्याच माथी फुटले.

जमीन, पाणी आणि हवा यांचे अभ्यासक आपल्याकडे वेगवेगळ्या विभागांत बसतात. हमीभावाची खात्रीशीर खरेदी आणि शेतीला मिळणारी मोफत वीज, म्हणजे पंजाबात भात टिकून राहण्याची खरी कारणे, तर कोणत्याच प्रयोगशाळेत शिकवली जात नाहीत. शिवाय निवड समित्या शोधनिबंध मोजतात. कृषी अधिकाऱ्यांसोबत विहिरींच्या नोंदी तपासण्यात घालवलेली दोन वर्षे त्यांच्या हिशेबात क्वचितच धरली जातात. (या क्षेत्राला ‘राष्ट्रसेवा’ म्हणण्यात मात्र कोणी कसूर करत नाही.) धोरणकर्त्यांनी प्रत्यक्ष वापरलेल्या अहवालाला नेमणुकीत शोधनिबंधाइतकेच वजन मिळाले पाहिजे.

तोवर या वाटेला जाणाऱ्या विद्यार्थ्याने मार्गदर्शक निवडताना एक प्रश्न अवश्य विचारावा: भाताच्या लावणीपासून गव्हाच्या पेरणीपर्यंतचा एक संपूर्ण हंगाम शेतावर काढण्याची मुभा मिळेल काय?