ऐकणाऱ्याचा कान

नोकरीच्या जाहिरातींत हमखास आढळणारी ‘उत्तम संवादकौशल्य’ ही अट वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु हे कौशल्य कोणाच्या कानाने मोजायचे याचा खुलासा कुठेच नसतो, आणि कामाच्या ठिकाणी भाषेतून येणारी विषमता नेमकी याच फटीतून आत शिरते. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि ‘राष्ट्रीय मूळ’ (व्यक्ती किंवा तिचे पूर्वज ज्या देशातून आले तो देश) या कारणांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. उच्चाराचे नाव त्या यादीत नाही. न्यायालये तो राष्ट्रीय मुळाशी जोडलेला मानतात, पण त्यामुळे कामात खरोखरच अडथळा येत असल्याचे दिसले तर उमेदवार नाकारण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला राहते.

ही मुभा किती रुंद असू शकते, हे होनोलुलूच्या एका खटल्यातून दिसते. तेथील वाहन परवाना विभागात कारकुनाच्या जागेसाठी १९८१ साली घेतलेल्या लेखी परीक्षेला ७२१ उमेदवार बसले आणि फिलिपिन्सहून आलेले, साठीच्या घरातले एक गृहस्थ त्यांत पहिले आले. मुलाखत घेणाऱ्यांनी मात्र त्यांच्या ‘जड’ उच्चारावर बोट ठेवले आणि नेमणूक दुसऱ्यांची झाली. त्यांचे इंग्रजी व्याकरणशुद्ध असून पूर्वग्रह बाजूला ठेवणाऱ्या कोणालाही ते समजेल, अशी साक्ष एका भाषाशास्त्रज्ञाने दिली होती. तरीही १९८९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल शहर प्रशासनाच्या बाजूने दिला, कारण खिडकीवर येणाऱ्या लोकांशी बोलणे हाच त्या कामाचा मोठा भाग होता. युक्तिवाद सकृद्दर्शनी रास्त वाटतो. पण त्याने बोलणाऱ्याची जीभ तपासली आणि खिडकीपलीकडच्या कानाला मोकळे सोडले.

कानालाही पूर्वग्रह असतो, हे डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसून आले. एकाच अमेरिकी स्त्रीच्या आवाजातले एकच व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकवले गेले. काहींसमोर गोऱ्या, तर काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे छायाचित्र ठेवले होते. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना ध्वनिफितीत नसलेला परदेशी उच्चार ऐकू आला, आणि त्यांना व्याख्यानही कमी समजले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ‘भाषिक भांडवल’ ही संकल्पना मांडली. प्रतिष्ठित भाषा ज्याच्या तोंडी असते त्याला ती पैशासारखी वापरता येते, असा तिचा आशय आहे. रुबिन यांच्या प्रयोगात तर नाणे खरे असूनही केवळ चेहरा पाहून ते खोटे ठरवले गेले.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हा अन्याय चटकन पटतो, कारण तो त्याने सोसलेला असतो. आपल्याच भाषेतली उतरंड मात्र त्याच्या नजरेतून सहज सुटते. प्रमाण मराठी, म्हणजे शाळेत, छापील मजकुरात आणि व्यासपीठावर मान्य असलेले रूप, मोल्सवर्थचा १८३१चा कोश आणि दादोबा पांडुरंगांचे १८३६चे व्याकरण यांच्या काळापासून आकार घेत गेले, आणि त्याचा कल पुण्याच्या शिकलेल्या वर्गाकडे राहिला. त्यामुळे ‘पानी’ म्हणणारा अशुद्ध ठरतो, ‘मले’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी माणसाच्या वाट्याला विनोदी पात्र येते, आणि हे सारे ‘भाषेवरचे प्रेम’ म्हणून खपते. इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांची गल्लत करणाऱ्याने ण-न वरून दुसऱ्याची पारख करावी, ही गंमत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही.

कारण ही पारख जेवणाच्या टेबलापाशी थांबत नाही. तंत्रज्ञान कंपन्यांत ‘रेफरल’ला, म्हणजे आतल्या कर्मचाऱ्याने केलेल्या शिफारशीला, मोठे वजन असते, आणि शिफारस साहजिकच आपल्यासारखे बोलणाऱ्याकडे झुकते. मराठीत आडनाव, गाव आणि बोलण्याची ढब यांवरून जातीचा अंदाज बांधला जातो. अमेरिकी वरिष्ठाला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याचा एच-वन-बी व्हिसा कंपनीवर अवलंबून आहे आणि नोकरी गेल्यास ज्याच्या हाती साधारणपणे ६० दिवसच उरतात, तो सहसा तक्रार करत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवर आधारित भेदभावास स्पष्ट बंदी घातली. कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यपालांनी, सध्याचे कायदे पुरेसे असल्याचे सांगत, नाकारले. अशा कायद्याने संपूर्ण समाजाकडे संशयाने पाहिले जाईल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण उच्चाराच्या बाबतीत संरक्षण मागणाऱ्यांनी आडनावाच्या बाबतीत ते नको म्हणावे, यात तर्कापेक्षा सोय अधिक दिसते.

कंपन्यांची धोरणे परदेशातल्या मराठी मंडळांच्या हाती नाहीत. गणेशोत्सवाच्या सूत्रसंचालनासाठी कोणाचा आवाज निवडायचा आणि मराठी शाळेत मूल ‘पानी’ म्हणाले तर शिक्षिकेने काय करायचे, हे मात्र मंडळेच ठरवतात.