विश्लेषण : लॅपटॉपची एसएसडी गेली, नवी मिळेल, पण आतल्या नोंदींचं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल. अशा ऐन गर्दीत एखाद्या सकाळी केंद्राचा लॅपटॉप सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढीच ओळ येते. काल संध्याकाळपर्यंत मशीन नीट चालू होतं. पडलं नाही, पाणी गेलं नाही, आवाजही आला नाही.

अशा वेळी बऱ्याचदा लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे सगळी माहिती साठवणारा भाग गेलेला असतो. नवी एसएसडी तालुक्याच्या दुकानात तासाभरात बसवून मिळते. पण केंद्राकडचे स्कॅन, दूध संकलन केंद्राच्या फॅट-एसएनएफच्या नोंदी, बचत गटाचा हिशोब, लग्नाचे फोटो हे सगळं जुन्या एसएसडीत अडकलेलं असतं. खरं नुकसान तिथे होतं.

आत्ताच हा विषय का?

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यानंतर मोठ्या ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप सेकंडहँड बाजारात येत आहेत. अनेक जण घरच्याच जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून घेत आहेत. त्याने मशीन खरोखर पळायला लागतं, त्यामुळे सल्ला चुकीचा नाही.

दुसरीकडे 2025 च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या डेटा सेंटरची मागणी एवढी वाढली की कंपन्यांचा माल आधी तिकडे जातो. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर 2025 मध्ये 'क्रुशल' या नावाने ग्राहकांना विकला जाणारा मेमरी आणि एसएसडीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव वाढले की ग्राहक स्वस्त मालाकडे वळतो आणि तिथेच बनावट मालाला गिऱ्हाईक मिळतं. ऑनलाइन अगदी कमी पैशांत '2 टीबी' म्हणून मिळणाऱ्या पोर्टेबल ड्राइव्हमध्ये अनेकदा छोटी चिप असते, फक्त आकडा मोठा दाखवायची सोय केलेली असते. खरी जागा भरली की पुढच्या फायली नीट साठत नाहीत. कॉपी झाल्यासारखं दिसतं, पण उघडायला गेलं की काहीच निघत नाही.

हार्ड डिस्क कुरकुरते, एसएसडी गप जाते

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. ती बिघडायला लागली की टकटक आवाज येतो, मशीन अडखळतं. माणूस सावध होतो आणि फायली काढून घेतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिथे चिपमध्ये माहिती साठते आणि कुठली फाइल कुठे ठेवली याचा नकाशा कंट्रोलर नावाची चिप सांभाळते. कंट्रोलर बसला किंवा नकाशा बिघडला, की फायली जागेवर असूनही सापडत नाहीत. कधी कधी तर एसएसडीच गायब झाल्यासारखी दिसते.

याचा अर्थ एसएसडी वाईट असा नाही. गुगलच्या डेटा सेंटरमधल्या ड्राइव्हचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एसएसडी बदलण्याची वेळ हार्ड डिस्कपेक्षा कमी येते, पण साठवलेली माहिती वाचता न येण्याच्या चुका मात्र तिच्यात जास्त होतात, असं दिसलं. म्हणजे वस्तू टिकाऊ आहे, पण एकट्या तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

नवी आणि महागडी असली म्हणजे बिनधोक, असंही नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीई कंपनीने आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता. आतल्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे त्या बरोबर 32,768 तास चालल्यावर, म्हणजे पावणेचार वर्षांच्या आसपास, बंद पडणार होत्या आणि त्यानंतर माहिती परत मिळणार नव्हती. एकाच दिवशी बसवलेल्या एसएसडी एकाच वेळी जाण्याचा धोका होता.

लाइट जाते, बॅटरी मेलेली असते

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. केंद्रातले बरेच लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच चालतात, बॅटरी कधीच मेलेली असते. लाइट गेली की मशीन धाडकन बंद. त्या क्षणी एसएसडी काही लिहीत असेल तर नकाशा अर्धवट राहू शकतो. साध्या एसएसडीत अशा वेळी काम पूर्ण करण्यापुरती वीज साठवायची सोय सहसा नसते. त्यामुळे लॅपटॉपला नवी बॅटरी किंवा छोटा यूपीएस हा खर्च वायफळ नाही.

उन्हाचंही तसंच. खूप वापरून झिजलेली एसएसडी वीज न देता नुसती कपाटात ठेवली, तर माहिती कायम राहतेच असं नाही. साध्या लॅपटॉपच्या एसएसडीसाठी उद्योगाचं ठरलेलं मानक आहे, की पूर्ण झिजल्यानंतरही ती वीज नसताना 30 अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवेल. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे ही मुदत कमी होते. म्हणून जुनी एसएसडी 'बॅकअप' म्हणून ट्रंकेत टाकून निर्धास्त राहू नये.

पहिल्या तासात काय करावं?

मशीन सुरू होत नसेल तर आधी बायोसमध्ये जाऊन एसएसडीचं नाव दिसतं का ते पाहावं. दिसत असेल तर बिघाड विंडोजचाही असू शकतो. मग एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडावी. फायली दिसल्या तर त्याच क्षणी कॉपी कराव्यात, दुरुस्तीच्या मागे नंतर लागावं.

नाव दिसतच नसेल तर आधी एसएसडी काढून परत नीट बसवून पाहावी. लाइट अचानक गेल्यावर ती गायब झाली असेल, तर लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर अर्धा तास नुसता चालू ठेवून, बंद करून पुन्हा सुरू करावा. काही एसएसडी एवढ्यानेही परत दिसतात. मात्र एसएसडी मधूनच दिसत आणि गायब होत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसू नये.

सर्वात मोठी चूक होते ती 'विंडोज मारून बघू' यात. फॉरमॅट केल्यावर हार्ड डिस्कमधून फायली परत काढता येण्याची शक्यता असते. एसएसडीत पुसलेली जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकते. त्यानंतर कितीही पैसे मोजले तरी बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. म्हणून मशीन दुकानात देतानाच स्पष्ट सांगावं, 'डेटा पाहिजे, फॉरमॅट मारू नका.' दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. एक, एसएसडी सुटी निघते का? काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणुकीची चिप मदरबोर्डलाच चिकटवलेली असते. दोन, कुलूप आहे का? विंडोज 11 च्या अनेक नव्या लॅपटॉपवर माहिती आपोआप कुलूपबंद होते. ती उघडायला 48 अंकी रिकव्हरी की लागते आणि ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप सेट करताना दुकानदाराने स्वतःचाच ईमेल टाकला असेल, तर किल्लीही त्याच्याच खात्यात गेली.

एवढं करूनही माहिती निघाली नाही, तर पुण्या-मुंबईच्या रिकव्हरी लॅबचा रस्ता उरतो. तिथला खर्च नव्या एसएसडीच्या कितीतरी पट होऊ शकतो आणि यशाची खात्री कुणी देत नाही.

वॉरंटी वस्तूची, माहितीची नव्हे

वॉरंटीत बदलून मिळते ती एसएसडी. आतल्या माहितीची जबाबदारी कंपन्या घेत नाहीत आणि जुनी एसएसडी सहसा परतही देत नाहीत. सेवा केंद्राच्या एसएसडीत गावाची आधार कार्डं, सातबारे आणि बँक पासबुकांचे स्कॅन असतील, तर ती कुरियरने देण्याआधी विचार करावा लागतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. काम झाल्यावर ग्राहकाचे स्कॅन पुसण्याची आणि ड्राइव्ह कुलूपबंद ठेवण्याची सवय केंद्रचालकांनी आत्ताच लावलेली बरी.

वॉरंटीत टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. 'धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी म्हटलं, तर ते नेहमी खरं नसतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तूही संरक्षणात येते. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पक्कं बिल मात्र हवं.

गावाने काय विचारावं?

सरकारने दिलेला दाखला सरकारी सर्व्हरवर असतो, डिजिलॉकरमध्येही अनेक कागद ठेवता येतात. अर्जाची पावती आणि क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये असला, तर केंद्राचा लॅपटॉप गेला तरी अर्ज शोधता येतो. जी नोंद फक्त एकाच मशीनवर आहे, तिचा धोका मोठा. दुधाचं दहा दिवसांचं बिल, पतसंस्थेचं खातं, पाणीपट्टीची यादी अशा नोंदी एकाच लॅपटॉपवर असतील, तर तो एकट्या चालकाचा प्रश्न राहत नाही. सभासदाचे पैसे त्या नोंदीवर ठरतात.

उपाय महागडा नाही. रोज संध्याकाळी एक प्रत चांगल्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, आठवड्यातून एक क्लाउडवर, आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरंच उघडते का ते पाहायचं. पुढच्या सभेत सभासदांनी एवढंच विचारावं : 'हा लॅपटॉप उद्या सुरू झाला नाही, तर आमचा हिशोब कुठे मिळेल?' उत्तर त्याच सभेत मिळालं पाहिजे.